होता, असावा, असेल : लाल महालाच्या हरवलेल्या भिंती

आजचा विषय इतिहासाचा आहे आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो : आम्हांला नवा कागद सापडलेला नाही, कुठे उत्खननही केलेलं नाही. जे उल्लेख अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत तेच पुन्हा वाचायचे आहेत. फक्त जरा सावकाश.

निमित्त घरातलंच. काही वर्षांपूर्वी नातीला घेऊन कसब्यात गेलो होतो. लाल महालासमोर उभी राहून तिने विचारलं, "आजोबा, शाहिस्तेखान कुठल्या खिडकीतून पळाला?" आम्ही बोट वर करून एक खिडकी दाखवली. बोट खाली येण्याच्या आत लक्षात आलं, की जन्मभर विद्यार्थ्यांना "पुरावा काय?" असं विचारून पेन्शन मिळवलेल्या माणसाने आत्ता सपशेल खोटं सांगितलं. ती इमारत पुणे महापालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधली. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. ज्या खिडकीकडे बोट दाखवलं ती आमच्याहून वयाने लहान!

नव्या इमारतीबद्दल आमची तक्रार नाही. ती मूळ जागेच्या काही भागावरच आहे आणि मूळ वाड्याबरहुकूम नाही, हे कुणी लपवून ठेवलेलं नाही. तक्रार आमच्या बोटाबद्दल आहे. एक घर नाहीसं झालं. त्याच्या नावाचं दुसरं उभं राहिलं. आणि आम्ही दुसऱ्याकडे बघून पहिल्याबद्दल बोलायला लागलो. एवढंच नाही, आमच्या मनातल्या लाल महालाला बुरूज आहेत, तट आहे, खिळे ठोकलेला दिंडी दरवाजा आहे. हे सगळं कुठून आलं? तो वाडा खरोखरच तटबंदीचा होता का? आज एवढा एकच प्रश्न घेऊ.

आधी घराची गोष्ट थोडक्यात. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, असं आपण ऐकत आलो आहोत. या उजाड गावात पुढे जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे राहायला आले, त्यांच्यासाठी वाडा बांधला गेला. तोच लाल महाल. नंतर १६६० मध्ये औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला. शके १५८५, चैत्र शुद्ध अष्टमी, म्हणजे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी त्याच्यावर छापा घातला. खान बोटांवर निभावला, पुढे त्याची रवानगी बंगालला झाली. आणि वाडा? वाडा हळूहळू दृष्टीआड झाला. १७३० साली शेजारीच शनिवारवाड्याचा पाया पडला तेव्हा पुण्याच्या नजरा तिकडे वळल्या.

म्हणजे बघा, हे घर अनेक वर्षं उभं होतं, त्यात माणसं जेवली-झोपली, पण इतिहासाने त्यात डोकावून पाहिलं ते मुख्यतः एका रात्री. आपल्याकडे त्याचा नकाशा नाही. आहे ती एका मारामारीची हकीकत. मारामारीच्या हकीकतीतून घर शोधायचं, असा हा उद्योग आहे.

आता साक्षीदार बोलावू. तिघंच बोलावतो.

पहिला, राजापूरच्या वखारीतला इंग्रज. त्याचं पत्र १२ एप्रिल १६६३ चं आहे, छाप्यानंतर अवघ्या आठवड्याचं. आणि त्याची माहिती कुठली? महाराजांनी स्वतः रावजीला लिहिलेल्या पत्रावरची. याहून जवळची साक्ष कुठे मिळणार? तो सांगतो की चारशे निवडक माणसं घेऊन महाराज खानाच्या छावणीत गेले, काही निमित्त करून आत शिरले, पहारा कापला, खानाला जखमी केलं. पण शिरले कशात? तर तंबूत. घराचा पत्ता नाही.

दुसरा, कृष्णाजी अनंत सभासद. बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, प्रसंगानंतर सुमारे चौतीस वर्षांनी. त्याच्या वर्णनातही डेरे आहेत, कनाती आहेत. कापड फाडत आत जायचं आहे, भिंत फोडत नव्हे.

तिसरा, खाफीखान. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, महाराजांना शिव्या देताना हात आखडता घेत नाही. लिहितो मात्र सुमारे सत्तर वर्षांनी. आणि गंमत अशी, की घर दाखवतो तो हाच. खान शिवाजीने बांधलेल्या घरात उतरला होता, असं तो स्पष्ट म्हणतो. मग एकेक खोली उघडत जातो. छापा घालणारे मध्यरात्री मुदपाकखान्यात शिरले. रमजानचे दिवस, काही आचारी पहाटेच्या जेवणाच्या तयारीत, काही झोपलेले. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामध्ये एक लहान खिडकी होती, ती विटा-मातीने बुजवलेली होती. ती उकरायला घेतली. कुदळीच्या आवाजाने पलीकडचा नोकर जागा झाला, त्याने खानाला उठवलं. खान त्याच्यावरच खेकसला, की आचारी कामाला लागले असतील. मग दासी धावत आल्या : भिंतीला भोक पाडताहेत! पुढे झटापट, खानाचा अंगठा तुटला, दोघंजण पाण्याच्या हौदात पडले, दासींनी खानाला ओढून सुरक्षित जागी नेलं. काहीजण नगारखान्यात गेले आणि नगारे वाजवायला लावले, म्हणजे कुणाचं ओरडणं कुणाला ऐकू येऊ नये. दोराची शिडी आणि एक खिडकी यांच्या भानगडीत एक सरदार खानच समजून मारला गेला.

मोजा आता. मुदपाकखाना, जनानखाना, मधली बुजवलेली खिडकी, हौद, नगारखाना, बंद होणारी दारं, शिडीशिवाय चढता-उतरता येणार नाही अशी एक खिडकी. हा झाला वाडा. तंबूत खिडकी बुजवावी लागत नाही.

मग खरं कोणाचं? जवळच्या साक्षीदाराचं की तपशील देणाऱ्याचं? आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे म्हणत, "सर, जवळचा." उरलेले म्हणत, "सर, तपशीलवाला." दोन्ही उत्तरं घाईची. जवळचा माणूस घाईत असतो. राजापूरच्या इंग्रजाला खान जिवंत आहे की मेला याची काळजी, तो डेऱ्यात होता की माजघरात याच्याशी त्याला काय करायचंय? आणि तपशील म्हणाल, तर सत्तर वर्षांत तपशील गोळाही होतात आणि उगवतातही.

तेव्हा तपशील तपासायचा कसा? एक उदाहरण देतो. खाफीखान रमजान म्हणतो. मराठी परंपरा चैत्र शुद्ध अष्टमी म्हणते. एकाने दुसऱ्याकडून उचललंय असं दिसत नाही, कालगणनाच वेगळ्या. पण दोन्ही महिने चंद्राचे. आपला शुद्ध पक्ष अमावास्या संपताच सुरू होतो, त्यांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर, एखाददोन दिवसांनी. म्हणजे आपली अष्टमी ही त्यांची साधारण सहावी-सातवी तारीख. त्या वर्षी रमजान चैत्रातच पडला होता. जुळलं! स्वयंपाकघर रात्री जागं होतं, हा खाफीखानाचा तपशील आकाशाशी जुळतो. यावरून बुजवलेली खिडकी सिद्ध होत नाही. पण साक्षीदार हवेत बोलत नाही, एवढी त्याची पत वाढते.

आता टीका. आपल्या इतिहासकारांनी या तिघांचं काय केलं? ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात खान खिडकीतून खाली उतरत असताना बोटावर वार होतो. हीच खिडकी चित्रांतून, नाटकांतून, शाळेच्या गॅदरिंगमधून आमच्या नातीपर्यंत आली. खाफीखानाच्या हकीकतीत मात्र खान खिडकीतून उतरत नाही. तिथल्या शिडी-खिडकीच्या भानगडीत सापडलेला माणूस दुसराच आहे. दोघांची सरमिसळ झाली की काय, असा आम्हांला संशय येतो. संशयच, बरं का, निष्कर्ष नव्हे.

जदुनाथ सरकारांचा ग्रंथ १९१९ चा. मोठा माणूस, त्यांच्यावर बोलताना जीभ सांभाळावी लागते. त्यांनी भिंतीचं भोकही घेतलं आणि कनातींचा चक्रव्यूहही घेतला. आधी भिंत फोडायची, मग आत कापडाच्या आडभिंती फाडत जायचं. अशक्य आहे का? मुळीच नाही. वाड्याच्या चौकात आणि भोवती कनाती लावून आडोसे केले असतील, हे मोगली राहणीला धरूनच आहे. पण पद्धत पाहा. दोन साक्षी एकमेकींना छेद देतात तेव्हा दोन्ही खऱ्या मानून त्यांच्यासाठी जागा तयार करायची. याला सुसंगती म्हणतात. सुसंगती हा सत्याचा गुण आहे, मान्य. पण चांगल्या कादंबरीचाही तो गुण असतो. शिवण दिसत नाही म्हणून कापड अखंड होतं असं कसं म्हणायचं? सरकारांचं चित्र संभवनीय आहे, आम्ही ते स्वीकारायलाही तयार आहोत, फक्त ते "घडलं" म्हणून नव्हे, "असं घडलं असावं" म्हणून.

आता मुख्य प्रश्न : तटबंदी. आपल्याकडे गढी कशाला म्हणतात? खाली दगडी जोतं, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत, कोपऱ्याला बुरूज, भिंतीत बंदुकीसाठी जंग्या, येण्याजाण्याला एक दरवाजा, त्याला दिंडी, आतून अडसर. वाडा हा राहण्यासाठी असतो. गढी ही राहण्यासाठी आणि लढण्यासाठी असते. लाल महाल यांतला कोणता?

गढी होती असं म्हणणाऱ्यांचे तीन युक्तिवाद आम्ही ऐकलेत. पहिला : जहागीरदाराचं घर, धामधुमीचा काळ, म्हणजे तटबंदी आलीच. इथे व्याप्ती गृहीत धरली आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसं जिथे जिथे जहागीरदार तिथे तिथे तट. पण ही व्याप्ती व्यभिचारी आहे. गावाला कोट असला की आतलं घर साधंही चाले. पुण्याचा जुना कोट तर उद्ध्वस्त झालेला, असं कुणी म्हणेल. बरोबर. म्हणून घराला तट घातला असेल, असंही म्हणता येतं. आणि उद्ध्वस्त गावात आधी छप्पर उभं करायची घाई असते, तटाची ऐपत नंतर येते, असंही म्हणता येतं. एकच गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. ती पुरावा म्हणून कामाची नाही.

दुसरा : एवढा मोठा सेनापती उतरला, तो मजबूत जागा बघूनच. असेल. पण शत्रूच्या राहत्या घरात पाय पसरून बसणं यालाही राजकारणात अर्थ असतो. शिवाय मोठं आणि बऱ्या अवस्थेतलं घर कोणतं, हाही साधा हिशेब असतो. आणि खाफीखान बंदोबस्ताचं जे सांगतो ते भिंतींचं नाही, माणसांचं आहे : परवान्याशिवाय कुणाला, विशेषतः मराठ्यांना, शहरात आणि छावणीत येऊ द्यायचं नाही. म्हणून तर लग्नाच्या वऱ्हाडाची सोंगं घ्यावी लागली. खानाचा विश्वास फौजेच्या कड्यावर होता. घराच्या भिंतीवर किती होता, ते त्यातून निघत नाही.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत हुशारीचा. छापा घालणारे दरवाजातून गेले नाहीत, मुदपाकखान्यातल्या बुजवलेल्या खिडकीतून गेले. ज्याअर्थी असा आडमार्ग धरला त्याअर्थी सरळ मार्ग अभेद्य असला पाहिजे. मीमांसकांच्या भाषेत ही अर्थापत्ती. त्यांचं नेहमीचं उदाहरण आठवा : देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. पण अर्थापत्ती टिकते कधी? दुसरा कोणताच खुलासा शक्य नसेल तेव्हाच. इथे दुसरा खुलासा समोर उभा आहे. दरवाजावर जागे पहारेकरी असतात, स्वयंपाकघरात झोपाळू आचारी असतात. साध्या वाड्यातही चोर पुढच्या दाराने येत नाही! अर्थापत्ती आपल्याला पहाऱ्यापर्यंत नेते. तटापर्यंत नेत नाही.

मग तट नव्हताच, असं म्हणू या? त्या बाजूचेही युक्तिवाद आहेत. चाकणचा भुईकोट बघा. तिथे फिरंगोजी नरसाळ्याने याच खानाला १६६० मध्ये जवळजवळ दोन महिने झुंजवलं. पुण्याच्या वाड्यासाठी अशी झुंज झाल्याचं ऐकिवात नाही. लढण्याजोगी गढी असती तर सोडली असती का? प्रश्न चांगला आहे, पण तोही पुरत नाही. त्या वेळी महाराज पुण्यात नव्हते, पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले होते. मोकळ्या मैदानातलं गाव प्रचंड फौजेपुढे सोडून देणं हा शहाणपणा होता, भिंती कशाही असोत.

दुसरं म्हणतात, बुरुजाचा एक दगड तरी दिसला असता. इथे आमच्या शास्त्राचा एक जुना नियम उपयोगी पडतो. वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असं ठरत नाही. असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणं हा पुरावा होतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर घागर दिसत नाही, उजेड आहे, डोळे ठीक आहेत, म्हणजे घागर नाही. अंधाऱ्या खोलीत दिसली नाही, तर काहीच ठरलं नाही. कसबा ही अशी अंधारी खोली आहे. तीनशे वर्षं घरावर घर, पायावर पाया. आणि पुण्यात जुन्या वाड्याचा दगड वाया जात नाही, तो पुढच्या वाड्याच्या जोत्यात जातो. तेव्हा इथे तट न दिसणं हे तट नसण्याचं प्रमाण नव्हे.

शेजारचा शनिवारवाडा याबाबत आणखी एक धडा देतो. १७३० ला पाया, १७३२ ला वास्तुशांत. पण तट-बुरुजांचं काम पुढेही चालू राहिलं, थोरल्या शाहू महाराजांच्या पश्चात नानासाहेबांच्या काळात ते पूर्णत्वाला गेलं. म्हणजे "शनिवारवाडा तटबंदीचा होता का?" याचं उत्तर "कोणत्या साली?" असं आहे. १८२८ च्या आगीत घर गेलं, तट राहिला. आज आपण बघतो ते कवच. लाल महालाचं कवच आणि गर दोन्ही गेलं. जिजाऊसाहेब राहत होत्या तेव्हाचा लाल महाल आणि खान राहत होता तेव्हाचा लाल महाल, यांतही फरक असू शकतो. तीन वर्षं मुक्काम ठोकलेल्या सेनापतीने भिंती वाढवल्या नसतील कशावरून? ती खिडकी बुजवलेली होती. कुणीतरी, कधीतरी, एका तरी वाटेचा बंदोबस्त केलाच होता.

मग हाती काय लागलं? आम्ही म्हणू, मराठी क्रियापदं लागली. आपल्या भाषेने ज्ञानाच्या पायऱ्या आपल्याला आयत्या दिल्या आहेत आणि आपण त्या वापरत नाही. होता, असावा, असेल. "होता" म्हणजे प्रमाण आहे. "असावा" म्हणजे लिंग आहे, अनुमान त्या दिशेने झुकतं. "असेल" म्हणजे नुसती मोकळीक, बाधक काही नाही. आता या तीन शब्दांत लाल महाल पुन्हा बांधून बघा. पुण्यात महाराजांचा वाडा होता. खान पुण्यात होता, पहारे होते, छापा पडला. खान वाड्यात उतरला असावा, भोवती आणि चौकात कनाती असाव्यात. मुदपाकखाना जनानखान्याला लागून असावा, मधली खिडकी बुजवलेली असावी. बाहेरची भिंत उंच असावी. बुरूज असतील. नसतीलही.

कुणी म्हणेल, मास्तर, एवढं वाचून शेवटी "नसतीलही"? यासाठी तासभर बसवलंत? आम्हांला वाटतं, यात बरंच काही पणाला आहे. ज्या घराबद्दल समाजाला माया असते त्याच्याबद्दल "असावा" म्हणणं हा लोकांना अपमान वाटतो. दोन्ही बाजूंनी वाटतो. मग कुणी "होताच" म्हणून पाटी लावतो, कुणी "नव्हताच" म्हणून ती उपटतो, आणि अंधाऱ्या खोलीत काठ्या चालतात. "असावा" म्हणणाऱ्याची माया कमी नसते. उलट तो त्या घराला आपल्या मर्जीप्रमाणे वाकवत नाही.

आणि बुरुजांच्या नादात आपलं लक्ष जिथून उडतं ते बघा. खाफीखान म्हणतो की आत शिरणारे त्यांना चांगल्या ठाऊक असलेल्या वाटेने गेले. शत्रूच्या इतिहासकाराने जाता जाता टाकलेलं हे वाक्य आम्हांला तटबंदीपेक्षा मोलाचं वाटतं. तट असो वा नसो, भिंत कुठे पातळ आहे हे त्या घरात वावरलेल्या माणसाला माहीत असणार. पोर ज्या स्वयंपाकघरात भुकेलं होऊन घिरट्या घालतं तिथल्या खिडक्या त्याला पाठ असतात. हेही "असावं"च. पण झुकणारं "असावं".

नात आता कॉलेजात आहे. मध्ये पुन्हा कसब्यातून जाताना आम्ही तिची माफी मागितली. सांगितलं, की ती खिडकी ती नव्हे, आणि खान कदाचित खिडकीतून पळालाच नसेल. पण दुसरी एक खिडकी असावी, बुजवलेली, स्वयंपाकघरातली. कुणी त्यातून पळालं नाही, आत आलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीच्या बाजूची खिडकी बघत होतो." हो, असं म्हणता येईल.

नव्या इमारतीच्या दारात एक पाटी लावावी असं आम्हांला वाटतं. दोनच ओळी : मूळ वाडा या परिसरात होता. तो कसा होता ते आपण शोधतो आहोत. बुरुजांबद्दल त्यावर काही लिहू नये. पुढेमागे कुठल्या घराचा पाया खणताना बुरुजाची गोलाई लागलीच, तर पाटीवर जागा ठेवलेली असावी.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.